पीएच नेमका कुणाचा? ‘शरीर अल्कलाइन ठेवा’ या संदेशाचा प्रतिवाद

गेली काही वर्षे ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांपासून नवी मुंबईतल्या नेरूळ-खारघरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत असतो. त्याचा आशय असा: चुकीच्या आहाराने आपले रक्त आम्लधर्मी होते आणि अशा शरीरातच कर्करोगापासून मधुमेहापर्यंतचे सगळे रोग वाढतात; ऑटो वॉरबर्ग या शास्त्रज्ञाला १९३१ साली कर्करोगाचे मूळ कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळाले आणि अल्कलाइन शरीरात कर्करोग जगू शकत नाही हे त्याने सिद्ध केले; अल्कलाइन रक्त जास्त प्राणवायू धरते; अल्कलाइन वातावरणात जंतू मरतात; आम्ल हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. उपायही तयार असतात. लिंबू, लसूण, अननस असे ‘उच्च पीएच’चे पदार्थ खावेत, आरओचे ‘आम्लयुक्त’ पाणी सोडून ९.५ पीएचचे अल्कलाइन पाणी प्यावे, खायचा सोडा घ्यावा आणि रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवून आपली प्रगती पाहावी. संदेशाच्या शेवटी बहुधा फळांचा एक तक्ता असतो आणि कधीकधी यंत्र विकणाऱ्याचा मोबाइल क्रमांकही.

या संदेशात धादांत खोटी विधाने आहेतच, पण तो लोकांच्या गळी उतरतो तो त्यातल्या अर्धसत्यांमुळे. जठराबद्दल खरे असलेले विधान रक्ताला लावायचे, लघवीबद्दल खरे असलेले शरीराला लावायचे, गाठीच्या आसपासच्या जागेबद्दल खरे असलेले अख्ख्या माणसाला लावायचे, ही त्याची रीत आहे. माझी नोकरी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पीएच मीटरच्या सोबतीने झाली, आणि तिथे नमुन्याच्या बाटलीवर तो कुठून घेतला हे लिहिलेले नसेल तर त्याचा आकडा वहीत चढत नसे. हाच नियम या संदेशाला लावून पाहू.

“आहारामुळे शरीराचा पीएच आम्लधर्मी होतो”

पीएच ही हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाची मोजपट्टी आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्या कारखान्याने काढलेल्या संशोधनशाळेत, सोरेन सोरेनसेन यांनी ती १९०९ साली मांडली. ७ हा आकडा उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी किंवा अल्कलाइन. आणि प्रत्येक एका अंकाला आयनांचे प्रमाण दहा पटींनी बदलते. या पट्टीवर ‘शरीराचा पीएच’ असा एकच आकडा नाही. जठरातला रस १.५ ते ३.५ असतो, त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, स्वादुपिंडाचा रस ८ च्या घरात, लघवी ४.५ ते ८ यांत कुठेही, आणि एकाच पेशीच्या आत मुख्य द्रव ७.२ च्या जवळ असताना त्याच पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांत तो ५ च्याही खाली असतो. या प्रत्येक जागेचे काम त्या त्या आकड्यावर अवलंबून असते. जठरातले पेप्सिन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम २ च्या आसपास उत्तम चालते आणि तिथला रस उदासीन होऊ लागला की निकामी होते. सगळे शरीर अल्कलाइन करायचे ठरवले तर पहिला घाला पचनावर पडेल.

रक्ताची गोष्ट वेगळी. धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. म्हणजे रक्त मुळातच किंचित अल्कलाइन आहे. त्यासाठी कुणाला काही करावे लागत नाही. ७.४ ला एक लिटर रक्तद्रवात हायड्रोजन आयनांचे प्रमाण एका मोलच्या (मोल हे रेणू-आयनांची संख्या मोजण्याचे एकक) अडीच कोटीव्या भागाइतके असते. इतकी सूक्ष्म रक्कम आयुष्यभर जवळपास स्थिर कशी राहते, हा शरीरातल्या रसायनशास्त्राचा सर्वांत देखणा भाग आहे, आणि संदेशात त्याचा मागमूसही नाही.

आपण खाल्लेले अन्न पेशींत जळते तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाण्यात विरघळून त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि त्यातून हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट सुटतात. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते आणि तांबड्या पेशींतले कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे एन्झाइम तिला प्रचंड वेग देते. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो वेळा हे काम करतो. रक्तात आम्ल वाढले की बायकार्बोनेट त्याला पकडते, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो फुप्फुसांतून बाहेर पडतो. रक्तातले बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर २० ला १ राहिले की पीएच ७.४ येतो. लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली आणि कार्ल हॅसलबाल्क यांनी १९१६ साली मांडलेले हे समीकरण आजही प्रत्येक अतिदक्षता विभागात रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचताना वापरले जाते.

आता प्रमाण पाहा. विश्रांती आणि नेहमीची कामे धरून प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल (मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मिनिटाला १५ श्वास धरले तर दर उच्छ्वासाबरोबर जवळपास ०.७ मिलिमोल संभाव्य आम्ल बाहेर टाकले जाते. ज्याची चर्चा हा संदेश करतो ते आहारातून येणारे, श्वासावाटे न जाणारे आम्ल दिवसाला किलोमागे १ मिलिमोलच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या माणसात ६० मिलिमोल असते. ते मूत्रपिंडे लघवीत काढून टाकतात आणि खर्च झालेले बायकार्बोनेट भरूनही देतात. त्याशिवाय गाळणीतून रोज खाली आलेले चार हजारांहून अधिक मिलिमोल बायकार्बोनेट ती परत रक्तात ओढून घेतात. मटणाचे जेवण झाले म्हणून रक्त आम्लधर्मी झाले, असे निरोगी मूत्रपिंडे व फुप्फुसे असलेल्या माणसात घडत नाही. उपवन तलावाभोवती कुणी दम लागेस्तोवर धावला तर लॅक्टिक आम्लामुळे रक्ताचा पीएच खरोखर उतरतो, कोणत्याही जेवणाने उतरणार नाही इतका उतरतो, आणि थोड्या वेळाच्या विश्रांतीनंतर आपोआप जागेवर येतो. धावण्याला मात्र कुणी आम्लधर्मी म्हणत नाही.

“वॉरबर्ग यांना नोबेल मिळाले ते यासाठीच”

नाही. ऑटो वॉरबर्ग यांना १९३१ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल मिळाले, पण ते श्वसनातल्या एन्झाइमचे स्वरूप आणि त्याची कार्यपद्धती शोधल्याबद्दल. पेशी प्राणवायू नेमका कसा वापरते, हा तो विषय. कर्करोगावरचे त्यांचे काम वेगळे आणि त्याआधीचे, १९२० च्या दशकातले आहे. गाठीतल्या पेशी पुरेसा प्राणवायू असतानाही साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण अस्सल आहे, आजही ते त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि किरणोत्सर्गी साखर टोचून काढलेल्या पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते ती याच साखरखाऊ वृत्तीमुळे. त्यावरून श्वसनातला बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, असा निष्कर्ष वॉरबर्ग यांनी काढला आणि तो अखेरपर्यंत धरून ठेवला. पण पुढच्या संशोधनाने तो त्या रूपात मान्य केला नाही. पेशीच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलांकडे बोट दाखवणाऱ्या मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या कामाला १९८९ साली नोबेल मिळाले.

तरीही वॉरबर्ग यांच्या निरीक्षणातून संदेशाला हवे ते निघत नाही, कारण इथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे. गाठच लॅक्टिक आम्ल तयार करते. त्यामुळे तिच्या लगतच्या द्रवाचा पीएच ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. रक्त त्या वेळी ७.४ लाच असते. आणि खुद्द कर्कपेशीच्या आतला पीएच? तो साधारण पेशीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे जास्त अल्कलाइन असतो, कारण ती पेशी आम्ल बाहेर ढकलण्यात पटाईत असते. संदेशाचा तर्क तंतोतंत लावायचा तर उलटाच निष्कर्ष निघेल.

याहून सोपा पुरावाही आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधनसंस्था आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या अशा जगभरच्या प्रयोगशाळांत कर्कपेशी बशीत वाढवतात तेव्हा त्यांना ज्या द्रवात ठेवतात त्याचा पीएच ७.४ च्या आसपास राखावा लागतो. त्यासाठी द्रवात बायकार्बोनेट घालतात आणि उबवणी पेटीत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात. कर्करोग अल्कलाइन वातावरणात जगत नसता तर या बशा कोरड्या पडल्या असत्या. कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ साली आहारातले आम्ल, अल्कलाइन पाणी आणि कर्करोग यांचा संबंध तपासण्यासाठी आठ हजारांहून अधिक प्रकाशित नोंदी चाळल्या. निकषात बसणारा अभ्यास एकच निघाला, आणि त्यातही आहारातल्या आम्लाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. आहाराच्या या पंथाचे अमेरिकेतले सर्वांत गाजलेले प्रचारक रॉबर्ट यंग यांना त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल ज्यूरीने दोषी ठरवले.

“अल्कलाइन रक्त जास्त प्राणवायू धरते”

हे वाक्य अर्ध्यावर तोडले नसते तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते. पीएच वाढला की हिमोग्लोबिन प्राणवायूला घट्ट धरते, हे खरे. पण धरून ठेवलेला प्राणवायू स्नायूंच्या आणि मेंदूच्या कामाचा नाही; तो तिथे सुटावा लागतो. जिथे पेशी राबत असतात तिथे कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लता किंचित वाढते आणि त्या इशाऱ्यावर हिमोग्लोबिन आपली पकड सैल करते. ख्रिश्चन बोर यांनी १९०४ साली हे दाखवले, आणि त्या कामात त्यांच्याबरोबर वर आलेले हॅसलबाल्कही होते. शिवाय निरोगी माणसाच्या धमनीतले हिमोग्लोबिन मुळात ९५ टक्क्यांहून अधिक भरलेलेच असते; करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने हे सर्वांना दाखवलेले आहे.

रक्त खरोखर अल्कलाइन झाल्यावर काय होते, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, पीएच काही मिनिटांत ७.५ च्या वर जातो, आणि ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात, डोके हलके होते. अल्कलाइन रक्तात जास्त कॅल्शियम प्रथिनाला चिकटते आणि नसांना मिळणारे मोकळे कॅल्शियम घटते, म्हणून हे होते. रक्ताची अल्कलाइन अवस्था म्हणजे आरोग्य असते तर हा माणूस त्या क्षणी सोसायटीतला सर्वांत निरोगी ठरला असता.

“अल्कलाइन वातावरणात जंतू जगत नाहीत”

पटकी, म्हणजे कॉलराचा जंतू, आम्लात मरतो आणि अल्कलाइन माध्यमात जोमाने वाढतो. प्रयोगशाळेत तो शोधायचा असतो तेव्हा नमुना मुद्दाम साडेआठच्या आसपास पीएच असलेल्या पेप्टोन पाण्यात वाढवतात, कारण तिथे इतर जंतू मागे पडतात आणि हा पुढे येतो. दूषित पाण्यातून आलेल्या अशा जंतूंचा पहिला अडसर म्हणजे जठरातले आम्ल. ज्यांच्या जठरात ते कमी आहे त्यांना पटकीचा धोका अधिक असतो. लघवीतही हेच. प्रोटियससारखे जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कलाइन करतात आणि त्यातून मूत्रपिंडात एका विशिष्ट प्रकारचे खडे धरतात. पावसाळ्यात पाण्याची टाकी धुवायची सोडून ‘अल्कलाइन’ या शब्दावर भिस्त ठेवणे म्हणूनच परवडणारे नाही.

“लिंबू ९.९, अननस १२.७, डँडेलियन २२.७”

२०२० साली करोनाबरोबर आलेल्या तक्त्यातले हे आकडे आजही तसेच फिरतात. लसूण १३.२, अ‍ॅव्होकॅडो १५.६, संत्रे ९.२. नेहमीच्या द्रावणांत पीएचची पट्टी १४ च्या आसपास संपते, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असते. पण २२.७ हा आकडा किती अचाट आहे, याचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. पीएच १४ म्हणजे लिटरमागे एक मोल हायड्रॉक्साइड, म्हणजे द्रावण अल्कलाइन करणारा आयन. तिथून ८.७ अंक वर जायचे तर लिटरमागे सुमारे ५० कोटी मोल लागतील, आणि एका मोलचे वजन १७ ग्रॅम धरले तर ते भरते साडेआठ हजार टन. आपल्या मंडईत न मिळणाऱ्या त्या रानफुलाच्या एका लिटर रसात एवढा माल मावला पाहिजे! मूळ तक्ता करणाऱ्याने हे आकडे कुठल्या मोजपट्टीवरून उचलले असतील ते असोत, पीएच मीटरवरून खचितच नाही.

लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६ असतो, अननसाचा ३ ते ४ यांच्या दरम्यान, आणि पिकलेला हापूससुद्धा आम्लाच्याच बाजूला पडतो. हे घरी पडताळता येते. हळदीत पाणी कालवून पांढऱ्या कागदावर एक पट्टा ओढावा, तो वाळला की त्यावर चुन्याच्या निवळीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. पिवळा पट्टा तांबडा होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागे हेच रसायन आहे आणि शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो तोही यानेच. आता त्या तांबड्या ठिपक्यावर लिंबू पिळावे. तो पुन्हा पिवळा होतो. लिंबू खरोखर ९.९ चे असते तर ठिपका तांबडाच राहिला असता.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की लिंबू बाहेर आम्ल असले तरी पोटात गेल्यावर अल्कलाइन होते. यात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो नीट सांगितला पाहिजे. फळांत सायट्रिक आम्लाबरोबर त्याचे पोटॅशियम क्षारही असतात. पेशी सायट्रेट जाळतात तेव्हा त्या क्षारांच्या वाट्याचे बायकार्बोनेट मागे राहते, आणि ते जास्तीचे म्हणून मूत्रपिंडे लघवीत सोडतात. लघवीचा पीएच थोडा वाढतो. युरिक आम्लाचे खडे असलेल्या रुग्णाला डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते याच उपयोगासाठी. बदल झाला तो लघवीत, आणि तो अशासाठी झाला की रक्तात होऊ नये.

“९.५ पीएचचे पाणी प्यावे”

आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये अशा यंत्राचे प्रात्यक्षिक झाले होते. विक्रेत्याने टेबलावर तीन ग्लास मांडले: बाटलीचे पाणी, एक कोला आणि त्याच्या यंत्राचे पाणी. तिन्हींत एका छोट्या बाटलीतले दर्शकाचे, म्हणजे पीएचनुसार रंग बदलणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकले. पहिला पिवळसर हिरवा झाला, दुसरा तांबूस, आणि तिसरा सुरेख निळसर जांभळा. बघ्यांच्या तोंडून दाद निघाली ती साहजिकच होती. मी त्याला विनंती केली की त्या जांभळ्या ग्लासात स्ट्रॉ घालून थोडा वेळ फुंकर घालू द्यावी. पहिल्या काही फुंकरींत रंग निळ्यावर आला, मग हिरव्यावर, आणि बुडबुडे थांबले तेव्हा तो बाटलीच्या पाण्याच्या शेजारी जाऊन बसला होता. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, एवढेच घडले होते. विक्रेत्याने तो ग्लास बाजूला ठेवला आणि हप्त्यांची माहिती सुरू केली.

जे ग्लासात झाले ते शरीरात त्याहून कैक पट सहज होते. ९.५ पीएचच्या एका लिटर पाण्यात मोकळे हायड्रॉक्साइड ०.०३ मिलिमोल असते. जठरातल्या २ पीएचच्या रसाचे तीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे, तेवढ्याने त्याचे उदासिनीकरण होते. आणि जठर दिवसाला दोन लिटरच्या आसपास रस स्रवते. पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे प्रत्यक्षातला आकडा याच्या अनेक पट निघू शकतो, पण त्यातला बराच वाटा मूळ नळाच्या पाण्यातही असतो आणि पीएचचा आकडा त्याबद्दल काही सांगत नाही. वर आलेला श्वासाचा हिशेब इथे पुन्हा लावा: एका लिटरातल्या मोकळ्या हायड्रॉक्साइडच्या वीसपट आम्ल आपण एका उच्छ्वासात टाकतो. या पाण्याने रक्ताचा पीएच बदलायला निघणे म्हणजे बादलीभर गोडे पाणी ओतून ठाण्याची खाडी गोडी करायला निघणे आहे.

एक गोष्ट गमतीची आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा लागतो. मोरबे धरणातून नवी मुंबईला येणारे पाणी काय किंवा ठाण्याच्या नळाला येणारे काय, शुद्धीकरणानंतर याच मर्यादेत ठेवायचे असते. आणि ज्या सांडपाण्याचे नमुने तपासण्यात माझी वर्षे गेली, त्यासाठीची मर्यादा ५.५ ते ९ अशी आहे. म्हणजे लाखाच्या घरातल्या यंत्रातून निघालेले ९.५ चे पाणी तुर्भ्याच्या एखाद्या कारखान्याने गटारात सोडले असते तर त्याला नोटीस आली असती. असे पाणी विष आहे असा याचा अर्थ नाही. निरोगी माणसाने ते प्यायले तर सहसा काही बिघडत नाही. काही सुधारतही नाही, एवढाच मुद्दा आहे. कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो असे सांगून औषधाची जाहिरात करण्याला तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे.

आरओच्या पाण्याबद्दल एवढेच: क्षार काढून टाकलेले पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि थोडे आम्लधर्मी होते. येऊरच्या डोंगरावर पडणारा स्वच्छ पाऊसही याच कारणाने ५.६ च्या आसपास असायला हवा. ज्या पाण्यात आम्ल थोपवणारे क्षारच नाहीत, त्याचा पीएच तोंडात जाताच लाळेसारखा होतो. आरओ घ्यावे की नाही याला इतर कारणे आहेत, पाणी वाया जाण्याचे तर मोठेच आहे. आम्लता हे कारण नाही.

“सकाळच्या लघवीच्या पट्टीवर शरीराची आम्लता कळते”

क्लोद बर्नार यांनी १८६५ साली एक निरीक्षण नोंदवले. बाजारातून आणलेल्या सशांची लघवी स्वच्छ आणि आम्लधर्मी होती. गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ आणि अल्कलाइन असते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तर्क केला की हे ससे उपाशी असून स्वतःच्याच मांसावर जगत असावेत. गवत दिल्यावर लघवी अल्कलाइन झाली, पुन्हा उपाशी ठेवल्यावर आम्लधर्मी. पुढे अन्न जाळून उरलेल्या राखेवरून त्याला ‘आम्ल’ किंवा ‘अल्कलाइन’ ठरवण्याची पद्धत आली, आणि आजच्या तक्त्यांचे मूळ तिच्यात आहे. पट्टीचा रंग बदलतो तेव्हा बर्नार यांच्या सशांचीच कथा पुन्हा घडते: काय खाल्ले, ते मूत्रपिंडांनी बाहेर काढून दाखवले. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाची सकाळची लघवी आम्लधर्मी असणे हे मूत्रपिंडे कामावर असल्याचे लक्षण आहे. ती आम्ल काढू शकली नसती तर पट्टीचा रंग कदाचित संदेशाला हवा तसा आला असता आणि रक्त खरोखर बिघडले असते. मूत्रपिंडाच्या नलिकांच्या एका आजारात नेमके हेच होते.

हाडांच्या मुद्द्याचा उगमही लघवीतच आहे. प्रथिने जास्त खाल्ली की लघवीत थोडे अधिक कॅल्शियम दिसते, त्यावरून ते हाडांतून निघाले असे गृहीत धरले गेले. सर्व चांगले प्रयोग एकत्र करून २००९ साली पाहिले तेव्हा कॅल्शियमच्या एकूण जमाखर्चात तूट दिसली नाही. चाळिशीनंतर हाडांसाठी डाळ, अंडी, मासे सोडायचे कारण नाही.

“चिमूटभर सोडा, आणि औषधांची गरज उरत नाही”

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि तो औषध म्हणून खरोखर दिला जातो. जुनाट मूत्रपिंडविकारात मूत्रपिंडे बायकार्बोनेट भरून देऊ शकत नाहीत, रक्तातले प्रमाण लिटरमागे २२ मिलिमोलच्या खाली जाते, तेव्हा डॉक्टर रक्ताचा अहवाल पाहून गोळ्या ठरवतात. तो निर्णय स्वयंपाकघरातल्या डब्यावर सोडता येत नाही, कारण चहाच्या एका चमचाभर सोड्यात सुमारे १,२५० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला हा ‘घरगुती उपाय’ पायांवर सूज येण्यापर्यंत नेऊ शकतो.

अल्कलाइन आहाराने बरे वाटले, असे सांगणारे लोक खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. कोला आणि वडापाव कमी करून भाज्या, फळे आणि पाणी वाढवले तर बद्धकोष्ठ सुटते, वजन उतरते, रक्तदाबही थोडा खाली येतो. त्याचे श्रेय पोटॅशियमला, तंतुमय पदार्थांना आणि कमी झालेल्या मिठाला आहे. चिंता वाटते ती त्याच संदेशातल्या पुढच्या वाक्याची, ज्यात मधुमेहाची औषधे हळूहळू बंद करायला सांगितलेले असते.

इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णाने ते थांबवले तर शरीर चरबी भराभर फोडू लागते आणि त्यातून कीटोन आम्ले तयार होतात. बायकार्बोनेट संपत जाते, पीएच ७.३ च्या खाली उतरतो, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जलद होतो, कारण फुप्फुसे जमेल तेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून गुणोत्तर सावरू पाहत असतात. ज्या आम्लधर्मी रक्ताची भीती हा संदेश घालतो, ते हेच. असा रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याला शिरेतून सलाइन, इन्सुलिन आणि रक्तातले प्रमाण पाहून पोटॅशियम देतात. पीएच ७ च्याही खाली गेलेला नसेल तर बायकार्बोनेट सहसा दिले जात नाही. इन्सुलिन मिळाले की कीटोन बनणे थांबते, आधी तयार झालेले जाळले जातात, आणि त्या जळण्यातूनच शरीर आपले बायकार्बोनेट पुन्हा उभे करते.